पोहण्याआधी तरंगणं: लहान मुलांना पाण्यात निभावायला कसं शिकवावं

परीक्षा संपल्या की जलतरण तलावाच्या खिडकीपाशी पालकांची झुंबड उडते, आणि प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला असतो: "किती दिवसांत येईल पोहायला?" माझी दोन्ही मुलं आणि पाठोपाठ भाचरं याच खिडकीतून गेली. त्यातून एक मत पक्कं झालं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपलं पोर ध्यानीमनी नसताना, अंगावरच्या कपड्यांसकट खोल पाण्यात पडलं, तर पहिल्या मिनिटात ते काय करेल?

याचं नेमकं उत्तर अमेरिकन रेड क्रॉसच्या पाच कसोट्यांत सापडतं. डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोल पाण्यात उडी मारून वर येणं. एक मिनिट तरंगणं किंवा जागच्या जागी पाय मारत राहणं. गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधणं. २५ यार्ड, म्हणजे साधारण २३ मीटर, कसंही करून अंतर कापणं. आणि शिडी न वापरता काठावर चढणं. यात फ्रीस्टाइलचा हात सुबक पडतो का, हे कुणी विचारलेलं नाही. हा लेख या पाच गोष्टींपर्यंत मुलाला कसं न्यायचं यावर आहे. पदकं ज्यांना हवीत त्यांनी पुढचा रस्ता पुढे पाहावा.

१. सुरुवात घरातल्या पाण्यापासून

तलावाचा फॉर्म भरण्याआधी घरात एक चक्कर मारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळजवळ पाव भाग पाच वर्षांखालची मुलं होती. एवढी लहान मुलं काही नदीवर पोहायला जात नाहीत. ती घराच्या आसपासच बुडतात.

आपल्याकडे नळाला एक दिवसाआड, कुठे चार-चार दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे न्हाणीघरात भरलेल्या बादल्या, अंगणात पिंप, जिन्याखाली हौद, जमिनीखालची टाकी, हे प्रत्येक घरात असतंच. रांगत्या किंवा नुकत्या चालू लागलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकलं की तोल जाऊन डोक्यावरच आत पडतं, आणि स्वतःला वर ओढायची ताकद हातात नसते. वीतभर पाणीही त्याला पुरतं.

तेव्हा: न्हाणीघराच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी. वापरून झालेली बादली पालथी. पिंपाला घट्ट बसणारं झाकण. नुसती ताटली किंवा पत्रा ठेवलेला असेल तर ते झाकण नव्हे. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला कुलूप, आणि टँकर आला की झाकण उघडं असेपर्यंत एक मोठं माणूस तिथेच उभं.

शेतात शेततळं असेल तर ते या यादीत सगळ्यात वर घ्या. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली आणि गावोगावी तळी झाली. खोली तीन मीटरच्या आसपास, बाजू उतरत्या आणि वर प्लास्टिकचा कागद. ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही, कारण धरायला काही नसतं आणि पाय खाली घसरत राहतो. तळ्याला कुंपण घाला. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडा, त्यांची वरची टोकं काठावरच्या पक्क्या खुंट्यांना बांधा. हवा भरलेली जुनी ट्यूब दोरासह काठावर ठेवा. खर्च फार नाही, आणि कुंपण होईपर्यंत दोर तरी आजच्या आज टाकता येतात.

२. कितव्या वर्षी काय

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये म्हटलं की, पहिल्या वाढदिवसानंतर पोहण्याचे धडे बुडण्याचा धोका कमी करायला मदत करू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळांना तसा फायदा होतो, याला मात्र पुरावा नाही. मोबाइलवर सहा महिन्यांचं बाळ पाण्यात आपोआप उताणं होतानाचे व्हिडिओ फिरतात, ते पाहून हुरळून जाऊ नका.

एक ते तीन या वयात आईबाबांच्या कडेवर पाण्याशी ओळख, एवढंच. चौथ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं सूचना ऐकून तशी हालचाल करू शकतात. खरं शिकणं तिथून सुरू होतं. सहा-सात वर्षांचं मूल पाचही कसोट्यांपर्यंत पोचू शकतं. उशीर झाला असं कधीच नसतं, दहा वर्षांची मुलं उलट भराभर शिकतात.

आणि गावाकडची ती जुनी रीत, पोराला विहिरीत ढकलायचं आणि मागून काकांनी उडी टाकायची? आमच्या वडिलांची पिढी अशीच शिकली, हे खरं. पण त्याच पिढीतले कितीतरी जण त्या दिवसानंतर पुन्हा पाण्याकडे फिरकले नाहीत, त्यांची गोष्ट कुणी रंगवून सांगत नाही. भ्यालेलं मूल श्वास वर ओढून धरतं, अंग ताठ करतं, आणि ताठ अंग तरंगत नाही.

३. तलाव आणि शिकवणारे निवडताना

पैसे भरण्याआधी बॅच चालू असताना काठावर बसून पाहा. मी या गोष्टी बघते:

- तळाच्या काळ्या रेषा स्वच्छ दिसतात का. गढूळ पाण्यात खाली गेलेलं मूल कुणाला दिसणार नाही. एवढ्या एका कारणासाठी मी तलाव नाकारेन.
- जीवरक्षक वेगळा आहे का. शिकवणारे सर आणि लक्ष ठेवणारा माणूस एकच असेल तर दोन्ही कामं अर्धी होतात.
- नवशिक्यांबरोबर शिकवणारे पाण्यात उतरतात, की काठावरून शिट्टी मारतात.
- एका शिक्षकामागे मुलं किती. पाचच्या आतली मुलं असतील तर चार-पाचाहून जास्त नकोत.
- पाणी ओढून घेणाऱ्या तळाच्या जाळ्या शाबूत आहेत का. तुटक्या जाळीत केस किंवा हात अडकू शकतो.
- कृत्रिम श्वास देता येतो का, हे सरळ विचारा. उत्तर देताना ते चाचरले तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

मे महिन्याच्या बॅचेस मला पसंत नाहीत. लहान तलावात इतकी गर्दी असते की शिकणं बाजूला राहतं, नुसतं डुंबणं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारची बॅच मिळत असेल तर ती घ्या. सकाळच्या गार पाण्यात बारीक अंगाचं मूल थोड्याच वेळात कुडकुडायला लागतं आणि मग त्याला काही ऐकू जात नाही. ओठ निळसर दिसले की तास संपला असं समजा.

कागदपत्रं तलावागणिक बदलतात, पण साधारण एवढी जवळ ठेवा: मुलाच्या जन्मदाखल्याची किंवा आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, पालकांचं संमतिपत्र आणि तुमचा फोन नंबर. फिट्स, दमा, हृदयाचा त्रास किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर फॉर्मवर लिहाच, आणि शिकवणाऱ्यांना तोंडीही सांगा. "सांगितलं तर घेणार नाहीत" म्हणून लपवणारे पालक असतात. फिट्स येणाऱ्या मुलाला पाण्यात कायम हाताच्या अंतरावर माणूस लागतं, हे सरांना माहीत नसेल तर ते कसं ठेवणार?

४. काय घ्यायचं, काय नाही

अंगाला घट्ट बसणारा कॉस्च्यूम, टोपी, मोठा टॉवेल, चपला. कॉस्च्यूमचा रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पोपटी. निळा आणि फिका राखाडी पाण्यात मिसळून जातो. गॉगल घ्या, पण पहिले काही दिवस त्याविना उतरवा. अचानक पाण्यात पडलेल्या मुलाच्या डोळ्यांवर गॉगल नसतो.

दंडात घालायचे हवेचे फुगे मात्र घेऊ नका. त्यांनी मूल पाण्यात उभं राहतं, आणि उभं अंग ही बुडण्याचीच स्थिती. शिवाय मुलाला वाटतं आपल्याला येतंय, आईलाही तसंच वाटतं. एक दिवस फुगे काढून ठेवलेले असताना ते तशीच उडी मारतं.

त्या मानाने आपली जुनी साधनं शहाणी होती. वाळका भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, पत्र्याचा हवाबंद डबा, हे सगळं पाठीला बांधायचं. अंग आपोआप पालथं आणि आडवं राहायचं, हातपाय मोकळे. आज त्याच जागी फोमचे तुकडे ओवलेला पट्टा मिळतो. जसजसं जमेल तसा एकेक तुकडा कमी करायचा. पण पट्टा लावल्यावर पोटावरचं पोहणंच शिकलं जातं, म्हणून प्रत्येक तासातला थोडा वेळ पट्ट्याविना ठेवा, तुमच्या हातांवर.

होडीत बसताना लाइफ जॅकेट लागतंच, मग मालवण असो की जवळचं धरण. ते मुलाच्या वजनाचं हवं. घातल्यावर खांद्यांपाशी धरून वर उचला. हनुवटी आणि कानांपर्यंत वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात त्यातून मूल खाली निसटेल. लहान मुलासाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं बघा.

५. पाण्यातला क्रम

हा भाग सावकाश घ्या. घाई इथेच होते.

*तोंड पाण्यात.* घरच्या बादलीत किंवा टबात जमतं, तुम्ही शेजारी बसून. पाण्यात तोंड घालून नाकाने "हूंऽऽ" करायला सांगा, बुडबुडे येतात. श्वास रोखायला शिकवू नका. नाकातून हवा बाहेर जात असली की पाणी आत जात नाही, हे मुलाला एकदा कळलं की निम्मी भीती गेली.

*उताणं तरंगणं.* माझ्या मते या वयातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. आणि बहुतेक वर्गांत ती शेवटी, उरलेल्या पाच मिनिटांत येते. मुलाच्या मागे उभ्या राहा, एक तळहात डोक्याखाली, दुसरा पाठीच्या वरच्या भागाखाली. कान पाण्यात जायलाच हवेत. मुलं इथेच अडतात, कानात पाणी गेलं की मान उचलतात, मान उचलली की कंबर खाली जाते. छताकडे बघायला सांगा, पोट वर, छातीत हवा भरून. काटकुळ्या मुलांचे पाय खाली जातातच. तोंड वर राहिलं की झालं, हलकेच पाय मारू द्या. आधार काढताना आधी पाठीचा हात, मग डोक्याखालचा, बोटाबोटाने. गाणं म्हणा. गाणं संपेपर्यंत मूल तरंगलं तर पुढच्या वेळी मोठं गाणं.

*पालथ्याचं उताणं.* माणूस पाण्यात पडतो तो बहुधा तोंडावर. डोकं आणि एक खांदा एकाच दिशेला वळवला की बाकीचं अंग मागून येतं. पालथं, उताणं, दोन श्वास, पुन्हा पालथं, चार पाय, पुन्हा उताणं. याच पद्धतीने दमलेलं मूलही मोठं अंतर कापू शकतं.

*उडी, वळ, धर.* काठावरून उडी, पाण्यातच मागे वळायचं आणि ज्या काठावरून पडलो तोच धरायचा. मुलं पडल्यावर समोर जात राहतात, खरं तर जवळचा काठ पाठीमागे असतो. ही वळण्याची सवय अंगात मुरेपर्यंत घोटून घ्या. आधी कमरेएवढ्या पाण्यात, मग छातीएवढ्या, मग खोल.

*काठाने सरकणं आणि चढणं.* दोन्ही हातांनी काठ धरून कडेकडेने शिडीपर्यंत जायचं. शिडी नसेल तर: कोपर, कोपर, पोट, गुडघा. आमच्या घरात हा मंत्रच झाला होता. शिकवणाऱ्यांना सांगा की तास संपल्यावर मुलांना हात धरून बाहेर ओढू नका, त्यांचं त्यांना चढू द्या.

*खोल पाणी आणि अंतर.* इथे हात कसेही मारले तरी चालतील. एक मिनिट तरंगणं, मग तलावाची रुंदी, मग लांबी.

*कपड्यांसकट.* नेदरलँड्समध्ये मुलांना पोहण्याचं 'अ' प्रमाणपत्र मिळवायलाही कपडे घालून पोहून दाखवावं लागतं. आपल्याकडे तलावावर कपड्यांना मनाई असते, पण स्वच्छ धुतलेला शर्ट-पँट आणला आणि आधी विचारलं तर शेवटच्या दिवशी पाच-दहा मिनिटं बहुतेक जण देतात. ओल्या जीन्सचं वजन मुलाला एकदा कळायला हवं.

मोठी मुलं "पाण्याखाली कोण जास्त वेळ" अशी पैज लावतात. ती तिथल्या तिथे थांबवा. भराभर श्वास घेऊन खाली गेलं की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची निकड जाणवत नाही, आणि मूल कुठलीही खूण न देता बेशुद्ध पडतं. चांगलं पोहणारी मुलंच यात सापडतात.

६. तलावाबाहेरचं पाणी

तलावात पाचही कसोट्या पास झालेलं मूल नदीत नवशिकंच असतं.

नदीत तळ दिसत नाही. वाळू उपसलेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी जातं. वर धरण असेल तर विसर्ग सुटल्यावर पात्र बघता बघता भरतं. पावसाळ्यात भोंग्याचे आणि दवंडीचे इशारे गांभीर्याने घ्या. प्रवाहात सापडल्यास उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, म्हणजे दगडाला डोकं लागत नाही, आणि तिरकं-तिरकं काठाकडे सरकायचं. उलट पोहायचं नाही.

विहिरीला पायऱ्या किंवा दोर असल्याशिवाय उतरायचं नाही. बंद पडलेल्या दगडखाणीत तर मुळीच नाही: कडा सरळसोट, पाणी गार, तळाशी काय पडलंय ते कुणाला माहीत नसतं.

समुद्राचं वेगळंच. लाटा फुटत असतात आणि मधेच एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो. पर्यटक नेमके तिथेच मुलं उतरवतात. बऱ्याचदा तोच पाण्याला आत ओढून नेणारा प्रवाह असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही. तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, जमलं तर किनाऱ्याला समांतर जाऊन त्या पट्ट्याबाहेर पडायचं. गोव्यात जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा; नुसता लाल झेंडा असेल तर पाय भिजवायचीही हौस नको. कोकणात बऱ्याच किनाऱ्यांवर झेंडेच नसतात, म्हणून भरती-ओहोटीची वेळ गावातल्या मच्छीमारांना विचारा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कालच्या वेळेवर विसंबू नका. आणि जून-जुलैत, जेव्हा मासेमारीच बंद असते, तेव्हा आपण मुलं घेऊन लाटांत कशाला जायचं?

७. भावाला वाचवायला उडी मारायची नाही

एकामागे एक दोन-तीन भावंडं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यात पहिलं घसरलेलं असतं, बाकीची वाचवायला गेलेली असतात. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याच्यावर चढतो, मग तो सख्खा भाऊ का असेना.

मुलांना तीन गोष्टी पाठ करून द्या: ओरड, फेक, मोठ्यांना आण. फेकायला झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, ट्यूब, दोर. पुढे करायला बांबू, ओढणी, शेजारच्या काकूंची वाळत घातलेली साडी. पुढे करताना स्वतः पालथं पडायचं, उभं राहून नाही. अंगणात एकदा खेळ म्हणून करून घ्या, कॅनला दोरी बांधून नेम धरायला मुलांना मजा येते. ११२ हा नंबरही त्याच दिवशी पाठ.

८. लक्ष ठेवणं म्हणजे काय

बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, अंग उभं, हात बाजूला पाणी दाबत असतात. लांबून ते खेळत असल्यासारखं दिसतं. "आवाज आला असता की" या भरवशावर राहू नका.

पाच-सहा वर्षांपर्यंत मूल हाताच्या अंतरावर हवं, येत असलं तरी. फार्महाउसवर वीस मोठी माणसं असतात तेव्हा धोका उलट वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून एकाचं नाव घेऊन सांगा: "दादा, आता पंधरा मिनिटं तुम्ही." त्या पंधरा मिनिटांत फोन नाही, पत्ते नाहीत, आणि दारू प्यालेल्या माणसाला ही पाळी नाही. पाहुण्यांत हे बोलायला अवघड जातं. बोला तरीही.

९. बाहेर काढल्यावर

मुलाला पाय धरून उलटं करणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे सगळं बंद. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

हाक मारा, श्वास आहे का बघा. नसेल तर एकाने ११२ किंवा १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने लगेच श्वास द्यायला घ्यायचं. बुडालेल्याला आधी हवा लागते. डोकं थोडं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून छाती उचलेल इतपत पाच श्वास. अगदी तान्ह्या बाळाच्या नाका-तोंडावर मिळून आपलं तोंड ठेवायचं. मग छातीच्या मधोमध ३० दाब, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मग २ श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत किंवा मूल श्वास घेईपर्यंत थांबायचं नाही. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करून पुढे चालू. वाचून हे हातात येत नाही, पुतळ्यावर करून पाहावं लागतं. जवळच्या रुग्णालयात किंवा रेड क्रॉसच्या शाखेत प्रशिक्षण असतं का, ते विचारा.

मूल शुद्धीवर आलं, बोलायला लागलं, तरी दवाखान्यात न्या. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा विनाकारण झोपाळलं असेल तर वाट न पाहता.

१०. दर वर्षी पुन्हा

पावसाळ्यात तलाव बंद राहिला, मग शाळा, मग थंडी. मधल्या महिन्यांत मूल वीतभर उंच झालेलं असतं, वजन वाढलेलं असतं, तरंगण्याचा तोल बदललेला असतो. मुलाला मात्र गेल्या वर्षीचं सगळं येतंय असं वाटतं आणि ते थेट खोल टोकाकडे पळतं. म्हणून नव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, शिकवणाऱ्यांना बरोबर घेऊन, त्या पाच कसोट्या क्रमाने घ्या. जिथे अडेल, तिथून खालच्या पायरीवर परत. शेजारची मुलं पुढच्या बॅचला गेली तर जाऊ द्या.